सपाट कालवा, खडबडीत वाट: तुलूझ ते सेत सायकलवर

दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यू मिदीच्या काठाने सायकल चालवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो चढांचा. चढ नाहीत. तुलूझ समुद्रसपाटीपासून 132 मीटरवर आहे, कालव्याचा सर्वांत उंच भाग नोरूझपाशी 189 मीटरवर, आणि मधलं अंतर सुमारे 52 किलोमीटर. ही 57 मीटरची उंचीसुद्धा प्रत्येक लॉकपाशी थोडी थोडी वाटून दिलेली असते. लॉक म्हणजे बोट वरखाली करणारं, दोन्ही टोकांना दरवाजे असलेलं दगडी कुंड. तिथे वाट पाच-पन्नास मीटर जराशी उभी होते आणि पुन्हा सपाट. नोरूझनंतर भूमध्य समुद्रापर्यंत उतारच.

तरी इथे दमायला होतं, कारण इथली सगळी ताकद चाकाखालच्या जमिनीवर खर्च होते. तुलूझपासून तो नावाच्या खाजणापर्यंत कालवा 240 किलोमीटर आहे. त्यात गुळगुळीत डांबर आहे, दाबलेली खडी आहे, गवतातून गेलेली हातभर रुंदीची पाऊलवाट आहे आणि झाडांच्या मुळांनी पायऱ्या पाडलेली मातीही आहे. डांबरावरच्या 65 किलोमीटरना जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच मुळांवरच्या 40 किलोमीटरना लागतो. दिवसाचे टप्पे जमीन पाहून आखा. नकाशावरचे आकडे पाहून रोज सारखे 60 किलोमीटर ठरवणारे तिसऱ्या दिवशी हमखास अडकतात.

आम्ही पाच दिवस धरले: तुलूझ ते कास्तेलनोदारी 65 किलोमीटर, तिथून कारकासोन 40, मग ल सोमाय 61, मग बेझिए 42, आणि शेवटी आग्दमार्गे सेत सुमारे 55. ह्यातला तिसरा दिवस मोठा झाला. पुन्हा आखायचा तर तो ओंप्सला, म्हणजे 40 किलोमीटरवर थांबवून सहा दिवस करावेत.

निघण्यापूर्वी कालवा चालतो कसा हे समजून घेणं कामाचं आहे, कारण वाट जशी वळते ती पाण्यामुळे. अटलांटिकच्या बाजूची गारोन नदी आणि भूमध्य समुद्र जोडायची कल्पना जुनीच होती. अडचण होती मधल्या उंचवट्यावर पाणी आणायचं कुठून ही. बोट लॉकमधून खाली गेली की प्रत्येक वेळी कुंडभर पाणी वरून खाली जातं, त्यामुळे शिखरावर पाण्याचा सतत पुरवठा लागतो. मिठावरचा कर गोळा करणाऱ्या पिएर-पॉल रिके ह्या अधिकाऱ्याने त्यावर उत्तर शोधलं. मोंतान्य नुआर, म्हणजे काळ्या डोंगरातले ओढे वळवायचे, साँ-फेरेओलला मातीचं आणि दगडाचं धरण बांधून पावसाळी पाणी साठवायचं आणि लांबलचक पाटाने ते नोरूझला आणून सोडायचं. चौदाव्या लुईचा हुकूम 1666 चा, धरणाचं काम 1667 ते 1672, आणि कालवा बोटींना खुला झाला 1681 मध्ये. रिके ऑक्टोबर 1680 मध्ये वारला, कालवा सुरू व्हायच्या काही महिने आधी. 1996 पासून कालवा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

नोरूझला हे पाणी आजही येतं. पाट येऊन मिळतो त्या जागी थोडा वेळ उभं राहावं. इथून निघालेलं पाणी काही अटलांटिककडे जातं, काही भूमध्य समुद्राकडे. शक्य असेल तर एक दिवस जास्तीचा ठेवून पाटाच्या काठाने उलट दिशेला रेव्हेल आणि साँ-फेरेओलपर्यंत जाऊन यावं. एका बाजूला सुमारे 40 किलोमीटर, बहुतेक सावलीत आणि मुख्य वाटेपेक्षा कितीतरी शांत. आमच्या मते कालव्याचं खरं काळीज तिथे आहे.

दिवस कोणते निवडावेत? मेचा दुसरा पंधरवडा, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या वर जातो, आणि जिथे झाडं तोडली आहेत तिथे डोक्यावर काहीच नसतं. ऑक्टोबर हवेला चांगला, पण भूमध्य किनाऱ्यावर शरद ऋतूत काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. 15 ऑक्टोबर 2018 ला ओद नदीच्या खोऱ्यात असाच पूर आला आणि वाटेवरच्या त्रेब गावाला मोठा तडाखा बसला. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालव्याचे काही भाग रिकामे करतात, तेव्हा पाण्याऐवजी चिखल दिसतो.

वाऱ्याचा विचार पावसाइतकाच करावा लागतो. कारकासोनपासून समुद्राकडे सेर्स नावाचा कोरडा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून वाहतो. तो पाठीशी असला तर तुलूझहून समुद्राकडे जाणाऱ्याला फुकटची मदत. म्हणूनच पश्चिमेकडून पूर्वेला जायची पद्धत आहे. पण तुलूझ आणि लोरागेच्या पट्ट्यात ओतां नावाचा आग्नेय वारा सुटला की तो थेट तोंडावर येतो आणि एकदा सुटला की दिवसचे दिवस थांबत नाही. निघायच्या आदल्या दिवशी वाऱ्याचा अंदाज पाहावा आणि ओतां जोरात असेल तर पहिला टप्पा दोन तुकड्यांत करावा.

आता सायकल. टायर किमान 35 मिलीमीटर रुंद हवेत, 40 असतील तर उत्तम. रस्त्याच्या सायकलचे 25 किंवा 28 मिलीमीटरचे टायर पहिल्या दिवशी मजेत पळतात आणि त्रेबनंतर हात बधिर करतात. चालवणारा आणि सामान मिळून शंभर किलोच्या आसपास वजन असेल तर 40 मिलीमीटरच्या टायरात मागे 50 पीएसआय, पुढे 42 च्या आसपास हवा आम्हाला जमली. डांबरावर थोडी वाढवायची. खडबडीत वाटेवर हवा कमी केली की हादरे कमी बसतात, पण फार कमी केली तर मुळावर आपटताना टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब मध्ये चिरडते. असं पंक्चर लगेच ओळखू येतं. ट्यूबवर शेजारीशेजारी दोन भोकं दिसतात, साप चावल्यासारखी. ट्यूब बदला आणि जुनी रात्री निवांत दुरुस्त करा. दोन नव्या ट्यूब जवळ असाव्यात. फ्रान्समध्ये बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह सर्रास असतो, आपल्याकडच्या जाड व्हॉल्व्हचा पंप त्याला बसत नाही. भाड्याच्या सायकलला कोणता व्हॉल्व्ह आहे ते ताब्यात घेतानाच पाहा आणि दिलेला पंप त्यावर बसवून खरोखर हवा भरून बघा.

पंक्चरच्या खालोखाल त्रास देतात ते ढिले होणारे स्क्रू. मुळांवरून दिवसभर खडखड झाली की कॅरिअरचे स्क्रू आपोआप फिरून बाहेर येतात. ते बहुधा एम-5 मापाचे असतात, चार मिलीमीटरची ॲलन की लागते. रोज संध्याकाळी कॅरिअरचे चारही, बाटलीच्या पिंजऱ्याचे दोन आणि मडगार्डचे स्क्रू हाताने तपासायचे. दोन जादा स्क्रू आणि सात-आठ प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजे झिप-टाय, बरोबर ठेवा. कॅरिअरचा पाय निखळला तर चार झिप-टायवर पुढचं गाव नक्की गाठता येतं. सामान दोन पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्यांत, मिळून दहा-बारा किलोच्या वर नेऊ नये, आणि जड वस्तू तळाशी, चाकाच्या आसाजवळ. वर ठेवलेलं वजन अरुंद वाटेवर सायकल कालव्याकडे झुकवतं.

मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटभर तरी फट हवी. पाऊस पडला की इथली चिकणमाती चाकावर थराथराने चढते आणि मडगार्डखाली जाम होऊन चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने माती काढत बसावं लागतं. जोराचा पाऊस झाला असेल तर कच्च्या तुकड्यात शिरूच नये, शेजारून जाणारा गावरस्ता धरावा. तो बहुतेक ठिकाणी कालव्यापासून एक-दोन किलोमीटरच्या आत असतो.

विजेवरची सायकल घ्यायची का? सपाट वाटेला मोटर लागत नाही, उलट्या वाऱ्याला लागते. पण ती पंचवीस किलोच्या आसपास भरते, आणि रेल्वे स्थानकाच्या जिन्यावर किंवा लॉकच्या अरुंद पुलावर ती उचलायची वेळ आली की मोटर उपयोगाची नसते. गुडघे ठीक असतील तर साधी ट्रेकिंग सायकल बरी.

भारतातून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची, आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. आपल्याकडे सायकलचा उजवा ब्रेक साधारणपणे पुढच्या चाकाचा असतो. फ्रान्समध्ये डावा ब्रेक पुढच्या चाकाचा. सवयीने डावा ब्रेक करकचून दाबला, चाकाखाली सुटी खडी असली आणि समोर पाणी असलं, तर काय होईल ते सांगायला नको. सायकल हातात आल्यावर मोकळ्या जागेत अर्धा तास फक्त ब्रेक लावायचा सराव करा. शिवाय वाहतूक उजवीकडून. काठाच्या वाटेवरही समोरून कोणी आलं की अंगवळणी पडल्याप्रमाणे आपण डावीकडे सरकतो आणि समोरचाही त्याच बाजूला येतो. पहिले दोन दिवस हँडलवर उजवीकडे रंगीत चिकटपट्टी लावून ठेवली की आठवण राहते. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, घंटी आणि दिवे सगळ्यांना, आणि कानात इअरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे.

तुलूझचं मातबियो स्थानक कालव्यालाच लागून आहे. स्थानकातून बाहेर पडलात की रस्त्यापलीकडे पाणी दिसतं. कालव्याचा शून्य किलोमीटर मात्र तिथून काही अंतरावर, पों-जुमो म्हणजे जुळ्या पुलांपाशी आहे. सुरुवात तिथूनच करायची असेल तर आदल्या संध्याकाळी फेरी मारून यावी, कारण सकाळी शहरातली वाट कामाला जाणाऱ्या सायकलींनी भरलेली असते आणि त्या थांबत नाहीत. रामोनव्हिल मागे पडलं की गर्दी विरळ होते. इथपासून पोर-लोरागेपर्यंत डांबर आहे, दोन सायकली सहज शेजारून जातील एवढं रुंद, आणि दोन्ही काठांवर प्लातानच्या रांगा. काश्मीरमुळे आपल्याला चिनार माहीत आहे, प्लातान हा त्याच कुळातला संकर. पोर-लोरागेला महामार्गाचा थांबा आणि कालव्याचं बंदर एकाच जागी आहे. शौचालय, पाणी, खाणं सगळं मिळतं. बाटल्या भरून घ्या. डांबर संपतं ते ह्याच सुमारास.

लॉकच्या आकाराकडे लक्ष द्या. कुंड आयताकृती नाही, बदामासारखं फुगीर आहे. सुरुवातीच्या एका लॉकच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने आत कोसळल्या, तेव्हा रिकेने भिंती बाहेरच्या बाजूला वळवल्या. कमान जशी वजन पेलते तशी ही भिंत मागच्या मातीचा दाब पेलते. साडेतीनशे वर्षं ती उभी आहे. लॉकच्या रखवालदाराच्या घरावर एक जुनी पाटी असते, तिच्यावर त्या लॉकचं नाव आणि दोन्ही बाजूंच्या पुढच्या लॉकपर्यंतचं अंतर मीटरमध्ये दिलेलं असतं. मोबाईल बंद पडला तरी ह्या पाट्यांवर अख्खा प्रवास होऊ शकतो. आम्ही दुसऱ्या दिवसापासून नकाशा सोडून पाट्याच वाचत होतो.

नोरूझनंतर कास्तेलनोदारीपर्यंत खडीची वाट आहे, ठीकठाक. गावाला ग्रां बासां नावाचा सुमारे सात हेक्टरचा तलाव लागतो, आणि त्याच्या खालच्या टोकाला साँ-रॉश हा चार कुंडांचा लॉक. चार कुंडं ओलांडताना बोटवाल्यांची जी दोरांची धांदल उडते ती पाहायला अर्धा तास राखून ठेवा. हे गाव कासुलेचं. पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांत डुकराचं मांस, सॉसेज आणि बदक घालून मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजवतात. शाकाहारी माणसाने तिच्यातले नुसते दाणे काढून द्या म्हणू नये, दाणे त्याच रसात शिजलेले असतात. गरम शेव्हरचं, म्हणजे बकरीच्या चीजचं सॅलड, ऑम्लेट आणि पिझ्झा हे बहुतेक गावांत मिळतात. त्यावर पाच दिवस काढता येतात. मेतकूट आणि दशम्या बरोबर असतील तर जास्तच सुखाने.

खाण्यापेक्षाही खाण्याच्या वेळा सांभाळाव्या लागतात. गावातली खानावळ दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतर जेवण देते. अडीच वाजता पोहोचलात तर कॉफी मिळेल, जेवण नाही. दुकानं दुपारी दोन-अडीच तास बंद. रविवारी दुपारनंतर सगळं बंद, आणि सोमवारी पुष्कळ ठिकाणी बूलांजेरी, म्हणजे पावाचं दुकानही बंद. शनिवारी संध्याकाळी दोन वेळचं खाणं पिशवीत असावं. पाण्यासाठी एक युक्ती: प्रत्येक गावाच्या दफनभूमीत फुलांना घालायला नळ असतो आणि तो बहुधा पिण्याच्या पाण्याचा असतो. नळावर 'ओ नॉ पोताब्ल' अशी पाटी असेल तर मात्र प्यायचं नाही. कालव्याचं पाणी तोंड धुवायलाही घेऊ नये, आणि त्यात पोहायला बंदी आहे.

कास्तेलनोदारी ते कारकासोन 40 किलोमीटर म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. गेल्या काही वर्षांत ह्या पट्ट्यातले बरेच तुकडे सुधारले आहेत. उरलेला अर्धा दिवस कारकासोनच्या किल्ल्याला द्या. कालवा इथे स्थानकासमोरून जातो, किल्ला ओद नदीच्या पलीकडे आहे. रिकेच्या काळात शहराने खर्चाचा वाटा द्यायला नकार दिला, म्हणून कालवा शहराला वळसा घालून गेला. तो शहरात आला थेट 1810 मध्ये.

कारकासोननंतर प्रवासाचा चेहरा बदलतो, आणि झाडांबद्दल बोलावंच लागतं. कालव्याकाठी सुमारे 42,000 प्लातान होते. 2006 मध्ये कारकासोनजवळच्या व्हिल्द्युबेरला त्यांच्यावर एक बुरशी सापडली. फ्रेंचमध्ये त्या रोगाला शांक्र कोलोरे म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती युरोपात आली असं मानतात. बुरशी सालीवरच्या जखमेतून शिरते, शेजारच्या झाडांच्या एकमेकांत गुंतलेल्या मुळांतून पसरते आणि वाहत्या पाण्याबरोबर पुढे जाते. कालव्याकाठी एका ओळीत लावलेल्या झाडांना ह्याहून वाईट काही असू शकत नाही. औषध नाही. रोगी झाड आणि त्याच्या आसपासची झाडं तोडून जाळतात. अशी हजारो झाडं गेली. त्यांच्या जागी आता एकाच जातीवर विसंबायचं नाही म्हणून तुर्की ओक आणि इतर जाती मिसळून लावल्या आहेत. जुन्या छायाचित्रांतला सलग हिरवा बोगदा ह्या पट्ट्यात कित्येक किलोमीटर नाही. उघड्या काठावर हातभर उंचीचे बुंधे आणि त्यांच्यामध्ये काठीला बांधलेली कोवळी रोपं पाहून गलबलून येतं. बोटी झाडाला बांधायला मनाई आहे, कारण दोर घासून साल सोलते. सायकलस्वारांनीही झाडाला साखळी घालू नये. साधी गोष्ट आहे, पण पाळली पाहिजे.

ह्याचा प्रवासावर थेट परिणाम होतो. त्रेब ते ओंप्स ह्या भागात तीन लिटर पाणी जवळ हवं आणि सकाळी साडेसातला चाकं हलायला हवीत. तोडणी किंवा लागवड चालू असेल तर काठ बंद असतो. 'रूत बारे' म्हणजे वाट बंद, 'देव्यासियॉ' म्हणजे वळणरस्ता. अडसर ओलांडून पुढे जायचा मोह आवरा, पलीकडे यंत्रं काम करत असतात आणि मागे वळायला जागा नसते.

जिथे जुनी झाडं उरली आहेत तिथे सावली मिळते आणि मुळंही. मार्सेयेत, प्विशेरिक, पुढे आर्झांसपर्यंत हाच खेळ आहे. मूळ बहुधा वाटेला आडवं येतं, मनगटाएवढं जाड, वरून चाकांनी घासून गुळगुळीत झालेलं. कोरडं असताना नुसतं आपटतं, ओलं असताना साबणासारखं निसटतं. त्यावर चाक काटकोनात न्यायचं, तिरपं न्यायचं नाही. मूळ यायच्या आधी पायडल मारणं थांबवा, दोन्ही पायडल समान उंचीवर आणा, बुड जरा उचला आणि हात सैल सोडा. मुळावर असताना ब्रेक लावू नका. वेग ताशी दहा-बारा किलोमीटरवर येतो, तो तसाच राहू द्या. समोरून कोणी आलं तर पाण्याच्या बाजूच्या माणसाला आधी जाऊ द्या. आणि बोटी बांधलेल्या दिसल्या की आणखी हळू: काठावर ठोकलेल्या लोखंडी खुंट्या आणि ताणलेले दोर गवतात दिसत नाहीत.

पुलांखालचीही एक गोष्ट. जुन्या पुलांच्या कमानी ठेंगण्या आहेत आणि वाट त्यांच्याखालून आंधळ्या वळणाने जाते. घंटी वाजवूनच शिरा. काही कमानींच्या कडेच्या दगडावर बोट फिरवून पाहा. बोटी ओढणाऱ्या घोड्यांचे दोर पिढ्यान्‌पिढ्या घासून दगडात खाचा पडल्या आहेत, करंगळी बसेल एवढ्या. विहिरीच्या काठावर पोहऱ्याच्या दोराने पडतात तशाच.

आर्झांसचा लॉक ओलांडला की पुढचे 54 किलोमीटर एकही लॉक नाही. कालव्याचा हा सर्वांत लांब सलग पट्टा. पाण्याची पातळी एकच ठेवायची म्हणून तो टेकड्यांच्या अंगाने वळणं घेत जातो. समोरच्या गावाची चर्च दिसते, आता पोहोचलोच असं वाटतं, आणि कालवा दरीला वळसा घालून पाठ फिरवतो. घाईत असलेल्यांना इथे वैताग येतो. आम्हाला हाच भाग सर्वांत आवडला, द्राक्षमळे पाण्याच्या पातळीला टेकलेले आणि बोटीच्या इंजिनाखेरीज आवाज नाही. पाराझाजवळ कालवा रेप्युद्र ओढ्यावरून दगडी पुलाने जातो. 1676 चा हा पूल फ्रान्समधला पहिला कालवा-पूल. ल सोमाय हे चार घरांचं बंदर मुक्कामाला छान, पण खोल्या मोजक्या आहेत, आधी नोंदवा. 'आक्यय व्हेलो' असं चिन्ह असलेल्या जागी सायकल कुलुपात ठेवायची सोय आणि दुरुस्तीची हत्यारं असतात. घरगुती मुक्कामात रात्रीचं जेवण हवं असेल तर आणि मांस-मासे खात नसाल तर दोन दिवस आधी कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर यजमानांची पंचाईत होते.

कापेस्तांच्या पुढे वाट पुन्हा खडबडीत, मग मालपासची टेकडी येते. इथे रिकेने पाणी टेकडीतून नेलं, सुमारे 165 मीटरचा हा बोगदा बोटींसाठी खोदलेल्या जगातल्या पहिल्या बोगद्यांत गणला जातो. सायकल टेकडीवरून न्यावी लागते. त्याच टेकडीत वेगवेगळ्या पातळ्यांवर आणखी दोन बोगदे आहेत. एक तेराव्या शतकातला, मोंतादीचं तळं कोरडं करायला खोदलेला, आणि एक रेल्वेचा. सायकल कुलूप लावून आंसेर्यूनच्या टेकडीवर चढा. कोरड्या केलेल्या तळ्याची शेतं वरून चाकाच्या आऱ्यांसारखी दिसतात, सगळे पाट मध्याकडे जाणारे.

बेझिएच्या वेशीवर फोंसेरान. एकापुढे एक आठ कुंडं, साडेएकवीस मीटरचा उतार. 1858 पासून कालवा ओर्ब नदीवरून पुलाने जातो, त्यामुळे शेवटची कुंडं आता वापरात नाहीत. बाजूची उतरण फरसबंदीची आणि माणसांनी भरलेली असते, तिथे सायकल हातात धरून चाला.

बेझिएपासून पोर्तिरान्यच्या बाजूला पुन्हा डांबर मिळतं आणि चार दिवसांनी हातांना विश्रांती. आग्दचा लॉक काळ्या बसाल्टचा आणि गोल आहे, तीन दरवाजांचा, कारण एक फाटा एरो नदीकडे जातो. बोटी इथून नदीत शिरतात. सायकलला मात्र गावातून पुलाने नदी ओलांडून कालवा पुन्हा पकडावा लागतो, आणि खुणा नीट न पाहिल्यास इथे चुकायला होतं. शेवटी ओंग्लूचं छोटं दीपगृह. कालवा संपतो, समोर तोचं खाजण, पलीकडे शिंपल्यांच्या शेतीचे सांगाडे.

सेतपर्यंत उरलेले वीसेक किलोमीटर समुद्र आणि खाजण यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावरून जातात. वाट वेगळी बांधलेली आहे, पण झाड एकही नाही आणि वारा अडवायला काही नाही. हा तुकडा सकाळी करावा. वाळू उडून वाटेवर साचते तिथे हँडल वळवू नका, सरळ जाऊ द्या.

सेतहून तुलूझला परत यायला त्याच मार्गाने, आग्द, बेझिए, नार्बोन, कारकासोन करत रेल्वे जाते. प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते, पण जागा मोजक्या आणि नियम मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून तिकीट काढतानाच सायकलचं विचारा. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलसाठी वेगळं आरक्षण लागतं. शनिवार-रविवारची दुपार टाळा. पॅनियर आधी काढून हातात घ्या, मग सायकल चढवा, गाडी फार थोडा वेळ थांबते. आणि गाडीत चढायच्या आधी साखळीवरची खारट वाळू कोरड्या फडक्याने पुसून दोन थेंब तेल सोडा. रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी कड्यांवर तांबूस गंज दिसतो.